‘कंप्यूटेड कॉलम’: साधित स्तंभ?

प्रश्न: आर या संगणक-भाषेवरच्या मराठी टिपणांसाठी एक शब्द हवा आहे. तक्त्यातल्या आधीच्या स्तंभांवरून आकडेमोड करून जो नवा स्तंभ घालतात, त्याला काय म्हणावे? ‘गणित स्तंभ’ वाचला की गणिताचे गुण आठवतात. असा स्तंभ घालणाऱ्या ‘म्यूटेट’ या फंक्शनसाठी ‘उत्परिवर्तन’ तर फारच जड होते.

प्रतिसाद १: व्याकरणातून ‘साधित’ घ्या. सिद्ध शब्दाला प्रत्यय लागून साधित शब्द होतो, तसेच इथे. वजन आणि उंची हे मूळ स्तंभ, बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) साधित. ‘रकाना’ मलाही आवडतो, पण ‘हा रकाना रिकामा सोडू नका’ म्हणताना आपण एकच चौकट दाखवतो. म्हणून स्तंभच बरा.

प्रतिसाद २: ‘साधित’ला माझा जोरदार पाठिंबा, कारण त्यात काम होऊन गेल्याचा अर्थ आहे. ‘सूत्रस्तंभ’ मात्र नको. एक्सेलची सवय असलेल्याला वाटेल की सूत्र आत जिवंत आहे. आरमध्ये फक्त उत्तर साठवले जाते. वजन ७० किलो, उंची १७५ सेंमी, बीएमआय २२.८६. नंतर उंची दुरुस्त करून १६५ केली तरी स्तंभात २२.८६ च राहतो. यायला हवा २५.७१. ती ओळ पुन्हा चालवावी लागते.

प्रतिसाद ३: क्रियापदाचे काय? ‘बदलणे’ दिशाभूल करते. डीप्लायर या पॅकेजचे (आरमध्ये वेगळ्या घ्यायच्या फंक्शनसंचाचे) म्यूटेट नवा तक्ता परत देते, जुना तसाच राहतो. निकाल एखाद्या नावाने साठवला नाही तर तो पडद्यावर दिसतो आणि जातो. नवशिके इथेच अडतात: ‘स्तंभ आत्ता दिसत होता, गेला कुठे?’ ‘जोडणे’ही नको, ते दोन तक्त्यांच्या ‘जॉइन’साठी राखून ठेवू. ‘स्तंभ घालणे’ पुरेसे आहे.

डेटा-टेबल पॅकेजचे := हे चिन्ह मात्र मूळ तक्त्यातच स्तंभ घालते. त्याला ‘जागच्या जागी घालणे’ म्हणावे आणि हा फरक शब्दातून दिसलाच पाहिजे. ‘ब’ला ‘अ’ तक्ता दिला आणि ‘ब’मध्ये असा स्तंभ घातला, तर तो ‘अ’मध्येही उगवतो. वेगळी प्रत हवी असेल तर आधी कॉपी फंक्शन वापरावे.

प्रतिसाद २: ‘घालणे’ मान्य. टिपणात क्रमाबद्दलही एक ओळ हवी. म्यूटेटमध्ये आधी ‘उंची मीटरमध्ये’ साधून त्याच हाकेत (फंक्शनच्या त्याच वापरात) पुढे बीएमआय साधता येतो. मूळ आरच्या ट्रान्सफॉर्म फंक्शनमध्ये तसे चालत नाही, त्याला फक्त आधीपासून असलेले स्तंभ दिसतात. बहुधा ‘ऑब्जेक्ट सापडला नाही’ अशी चूक येते, ती परवडली. पण त्याच नावाचे चल (व्हेरिएबल) तक्त्याबाहेर पडून असेल तर ते गुपचूप वापरले जाते आणि चुकीचे आकडे कुठलीही सूचना न देता स्तंभात बसतात.

प्रश्नकर्ता: मग ‘साधित स्तंभ घालणे’ आणि ‘साधित स्तंभ जागच्या जागी घालणे’ असे दोन्ही प्रयोग टिपणात घेतो. ‘म्यूटेट’ फंक्शनचे नाव म्हणून तसेच ठेवतो.