मदत हवी आहे: डावीकडे दूध कमी येतंय

मैत्रिणींनो, बाळ सव्वा महिन्याचं आहे. उजवीकडे पोटभर पितं, डावीकडे घेतलं की मिनिटभरात पाठ ताणून रडतं. सासूबाईंचा भर अळिवाच्या लाडवांवर (लाडू झकास आहेत, तक्रार नाही!). डॉक्टर म्हणतात, बाळ ओढतं तेव्हा प्रोलॅक्टिन या हार्मोनमुळे दूध बनतं आणि ऑक्सिटोसिन या दुसऱ्या हार्मोनमुळे दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या पेशी आकसून ते नळ्यांतून पुढे येतं. पण एखादी बाजू भरलेलीच राहिली तर तिथलं दूध बनणं मंदावतं. म्हणजे माझी डावी बाजू मागे पडत चाललीय का? पाजताना डावीकडूनच सुरुवात करू, की पंपाने काढत राहू? कोथरूड-कर्वेनगर भागात घरी येऊन बाळाची पकड बघणारं कुणी माहीत आहे? वजन नीट वाढतंय, शी-शूही व्यवस्थित आहे.