दरडीची नोंद नाही, म्हणून जोखीम नाही असे धरावे का? (पोलादपूर तालुका)

सह्यकाठ:
आमच्या ग्रामपंचायतीचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नमुन्यात पूर, दरड, वादळ, वीज आणि भूकंप यांच्यापुढे ‘शक्यता’ व ‘तीव्रता’ यांना १ ते ५ गुण देऊन गुणाकार करायचा आहे. जुन्या आराखड्यात दरडीच्या शक्यतेला सगळ्या वाड्यांसाठी १ गुण दिलेला आहे, कारण ‘आजवर तशी नोंद नाही’. हे कारण ग्राह्य धरावे का? नसल्यास गुण कशाच्या आधारे द्यावेत?

कातळवाट:
ग्राह्य धरू नये. खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. शक्यता उतार पाहून ठरवावी. आपल्याकडे बेसाल्टच्या कातळावर झिजलेला खडक आणि माती यांचा थर असतो. सलग पावसात तो पाण्याने भरला, की कातळावरची त्याची पकड सुटते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवणतेचा नकाशा जरूर पाहावा, पण तो १:५०,००० प्रमाणाचा आहे, म्हणजे १०० मीटर लांबीची वाडी त्यावर जेमतेम २ मिलिमीटर भरते. म्हणून प्रत्येक वाडीच्या वरच्या अंगाला मृगाच्या आधी एकदा आणि भर पावसाळ्यात उघडीप मिळताच पुन्हा एकदा चालत जावे, आणि जमिनीच्या भेगा, कललेली झाडे, नवा फुटलेला किंवा एकाएकी गढूळ झालेला झरा, तसेच घरासाठी वा रस्त्यासाठी उभा कापलेला पायथा यांची नोंद करावी. ही शेवटची नोंद सहसा राहून जाते, बहुधा तो पायथा आपणच कापलेला असतो म्हणून.

निवृत्त तलाठी:
सहमत आहे, परंतु मला मुळात हा गुणाकारच खटकतो, कारण त्यात प्रत्येक आपत्ती सुटी धरली जाते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळली, तेव्हा त्याच पावसाने सावित्रीला पूर येऊन महाड शहर पाण्याखाली गेले होते, आणि बचाव पथके गावात पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. दोन ओळींतल्या दोन गुणाकारांत हे कुठे दिसते? रस्ता बंद पडल्यास वाडी किती तास एकटी राहील, हा रकाना आपण स्वतः वाढवावा.

पावसाबाबतही एक सांगतो. महसुली हिशेबात २४ तासांत ६५ मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी. कोकणात जुलैमध्ये असे दिवस इतके येतात, की इशारा म्हणून त्या आकड्याचा उपयोग नाही. सलग तीन दिवसांची बेरीज ठेवावी, आणि महसूल मंडळाचे पर्जन्यमापक खाली खोऱ्यात असेल तर वाडीवर वेगळे बसवावे.

वाडीवरची:
माणसांची मोजणी कोणत्या दिवशीची धरणार? एरवी निम्म्या घरांत म्हातारी माणसेच असतात आणि गणपतीत चाकरमानी आले की तीच घरे भरून जातात. दोन्ही आकडे लिहावेत. शिवाय स्थलांतरासाठी नेमलेली शाळा कोणत्या उताराखाली आहे, तेही पाहावे.

सह्यकाठ:
आज शाळा पाहून आलो. तिच्या मागची टेकडी रस्त्यासाठी उभी कापलेली आहे, आणि जुन्या आराखड्यात तीच ‘सुरक्षित निवारा’ म्हणून दाखवलेली आहे. ती नोंद खोडली आहे. पर्यायी जागेचा विषय येत्या ग्रामसभेत ठेवतो.