'युनिक की'ला मराठीत काय म्हणायचं?

ओझरकर: द्राक्षबागांच्या नोंदींची एक्सएमएल फाइल (माहिती खुणांमध्ये मांडून साठवायची एक पद्धत) बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका लिहितोय. ते प्रत्येक प्लॉटला आपोआप 'युनिक की' देतं, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच प्लॉटला नसलेली ओळख. मी 'एकमेव किल्ली' लिहिलं, तर एका बागायतदारानं विचारलं, "किल्ली कोणाकडं ठेवायची?" शब्द सुचवा.

पंचवटी: 'एकमेव'च चुकतंय. एकमेव म्हणजे एकच, दुसरी नाहीच. इथं किल्ल्या हजारो, फक्त एकीसारखी दुसरी नाही. 'अनन्य' घ्या.

निफाडची लेक: अनन्य म्हटलं की त्र्यंबकची निवृत्तिनाथांची यात्रा आठवते. अनन्यभाव तिथेच शोभतो. 'अद्वितीय' सत्काराच्या भाषणातला. सरळ 'युनिक' लिहा, पोरासोरांनाही कळतं.

पंचवटी: असं करत गेलो तर मराठीत क्रियापदं तेवढी उरतील.

जुना तलाठी: गट नंबर असताना नवा शब्द कशाला?

ओझरकर: गट नंबर गावापुरता असतो, काका. ११२ ओझरला असेल तसा पिंपळगावलाही असेल. शिवाय एकाच गटात दोन भावांच्या बागा. म्हणून सॉफ्टवेअर गाव, गट आणि प्लॉट जोडून 'ओ११२-३' असं काहीतरी बनवतं. पुढचं अक्षर मुद्दाम, कारण एक्सएमएलमध्ये आयडीची सुरुवात अंकानं चालत नाही. देवनागरी अक्षर मात्र चालतं.

गंगापूर रोड: एक महत्त्वाचं. एक्सएमएल स्कीमात, म्हणजे फाइलमध्ये काय कसं असावं हे ठरवणाऱ्या नियमावलीत, 'युनिक' आणि 'की' हे दोन वेगळे नियम आहेत. 'युनिक'मध्ये मूल्य नसलं तरी चालतं, असलं तर दुबार नको. 'की'मध्ये ते असलंच पाहिजे. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर वाचणारा फसेल. मतदारयादीतलं 'दुबार' सगळ्यांना माहीत आहे, त्यावरून मी पहिल्याला 'दुबारबंदी' म्हणते, दुसऱ्याला 'ओळखक्रमांक'.

पंचवटी: दुबारबंदी छान. पण 'ओ११२-३'मध्ये अक्षर आहे, मग क्रमांक कसा? 'ओळखखूण' म्हणा.

जुना तलाठी: खूण म्हटलं की बांधावरचा दगड.

निफाडची लेक: मग चावी का नको? निदान बोलण्यातला शब्द आहे.

पंचवटी: चावी पोर्तुगीजांकडून आली. किल्ली आपली, संस्कृत 'कील'वरून.

निफाडची लेक: बटाटाही पोर्तुगीजांचाच, तो रोज खातो ना? आमच्याकडे घड्याळाला किल्ली देतात आणि कुलपाला चावी लावतात.

जुना तलाठी: आमच्या घरी कुलपालाही किल्लीच. चावी फक्त ट्रॅक्टरची.

गंगापूर रोड: आणि कीबोर्डवरची 'की' म्हणजे कळ, ती वेगळीच.