मदत हवी आहे: कार्यालयातील नेटवर्क प्रिंटर आणि दर्शनी पडद्याच्या कोटेशनमधील तांत्रिक शब्द समजून घ्यायचे आहेत

सर्वांना नमस्कार.

मी वाशी येथील एका लहान सहकारी पतसंस्थेच्या कार्यालयात लेखापालाचे काम करते. आधीचे सहकारी निवृत्त झाल्यापासून यंत्रांची देखभालही माझ्याकडे आली आहे. संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत दोन खर्चांविषयी मला टिपण ठेवायचे आहे. पैसा सभासदांच्या ठेवींचा असल्यामुळे, जो शब्द मला स्वतःला उलगडलेला नाही त्याच्या आधारावर खर्चाची शिफारस करणे मला योग्य वाटत नाही.

पहिली बाब प्रिंटरची. छपाई, प्रती आणि स्कॅन अशी तिन्ही कामे करणारे एकच यंत्र आमच्याकडे आहे आणि ते नेटवर्कवरून सर्व संगणकांना जोडलेले आहे. दिवाळीच्या सुमारास दोन जुने संगणक बदलून नवे घेतले. तेव्हापासून स्कॅन केलेले कागद जुन्या संगणकांच्या फोल्डरमध्ये पूर्वीप्रमाणे येतात, पण नव्या दोन संगणकांपर्यंत पोहोचत नाहीत. देखभालीच्या करारानुसार आलेल्या तंत्रज्ञांनी "एसएमबीचे व्हर्जन जुळत नाही, यंत्रच बदलावे लागेल" असे सांगितले आणि नव्या यंत्राचे कोटेशन पाठवले. याशिवाय वीज जाऊन आली की अनेकदा सर्व संगणकांवर प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. परवा मी यंत्रावरूनच त्याच्या सेटिंगचे पान छापले, तेव्हा त्यावर आयपी पत्ता १९२.१६८.१.३७ असा होता, तर संगणकांमध्ये १९२.१६८.१.२३ असा नोंदवलेला आहे. या दोन पत्त्यांमधील फरक हेच कारण असावे असे मला वाटते, परंतु पत्ता आपोआप का बदलतो हे कळलेले नाही.

दुसरी बाब ठेवींचे व्याजदर दाखवणाऱ्या पडद्याची. सध्या एक जुना घरगुती टीव्ही संगणकाला जोडून वापरतो. त्यावर पानाच्या कडा कापल्या जातात आणि सर्वांत खालची आवर्ती ठेवीची ओळ सभासदांना दिसतच नाही. नव्या पडद्यासाठी आलेल्या कोटेशनमध्ये "४के, ४०० निट्स, १६/७, आरएस-२३२, सीएमएससह" असे लिहिले आहे. दुसऱ्या एका विक्रेत्याने "पी २.५" ची सहा फूट रुंद एलईडी भिंत सुचवली आहे. आमच्या कार्यालयाची दर्शनी काच पश्चिमेकडे आहे आणि पडदा तिच्या समोरच्या भिंतीवर असल्यामुळे दुपारनंतर त्यावर ऊन येते. यांपैकी कोणत्या शब्दांचा आमच्या गरजेशी खरोखर संबंध आहे आणि कोणत्या गोष्टींचे पैसे आम्ही विनाकारण देऊ, हे जाणकारांनी समजावून सांगावे ही विनंती.

प्रतिसाद

ताई, तुम्ही सेटिंगचे पान छापून पाहिले हे फार चांगले केले, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. मी ठाण्यात वागळे इस्टेट परिसरात लहान कार्यालयांच्या नेटवर्कची कामे करतो, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

आयपी पत्ता म्हणजे त्या यंत्राचा तुमच्या कार्यालयापुरता घरक्रमांक. तो बहुधा राउटर वाटतो आणि या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. वीज जाऊन आली की बरेच साधे राउटर पूर्वी कोणाला कोणता क्रमांक दिला होता हे विसरतात आणि नव्याने वाटप करतात. संगणक मात्र जुन्याच क्रमांकावर कागद पाठवत राहतात, म्हणून प्रिंटर चालू असूनही ऑफलाइन दिसतो. त्याच छापील पानावर मॅक पत्ता या नावाने बारा अंक-अक्षरांची एक ओळ असेल. ती यंत्राची कायमची ओळख असते. राउटरमध्ये त्या ओळखीपुढे एकच आयपी पत्ता राखून ठेवता येतो, त्याला रिझर्व्हेशन म्हणतात. तिथे २३ हा शेवट असलेला जुनाच पत्ता राखला, तर संगणकांमध्ये काहीही बदलावे लागणार नाही. या कामाला खर्च नाही. पुढे कधी त्या पानावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर यंत्राला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे आणि आधी केबल तपासावी.

आता एसएमबी. नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवण्याची विंडोजची जी बोली आहे, तिचे हे नाव. तिची पहिली आवृत्ती जुनी आणि असुरक्षित आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने तिच्यातील त्रुटीचाच उपयोग केला होता. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून, विंडोज नव्याने बसवल्यास ही पहिली आवृत्ती सोबत येत नाही. त्यामुळे फक्त तेवढीच बोली येणारी जुनी यंत्रे नव्या संगणकांशी बोलू शकत नाहीत. तंत्रज्ञांनी सांगितलेले कारण अस्तित्वात आहे, पण तुमच्याकडे तेच घडले आहे हे अजून सिद्ध झालेले नाही. यंत्राच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ चा उल्लेख आहे का ते पाहावे. नसल्यास निर्मात्याच्या संकेतस्थळावर नवे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतली कायमची आज्ञावली, मिळते का ते विचारावे. कोणी पहिली आवृत्ती नव्या संगणकांवर मुद्दाम सुरू करून देतो म्हणाले, तर पतसंस्थेत तरी ते करू देऊ नका.

त्याआधी दोन साध्या गोष्टी मात्र अवश्य तपासा. नव्या संगणकात नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' असा राहिला असेल, तर तो बाहेरून येणाऱ्या फाइल स्वीकारत नाही. तो 'प्रायव्हेट' करावा. तसेच नव्या संगणकावर आपण चार अंकी पिन टाकून आत जातो आणि तोच पिन प्रिंटरच्या सेटिंगमध्ये भरला जातो. प्रिंटरला पिन चालत नाही, त्या खात्याचा खरा पासवर्डच लागतो. केवळ या कारणाने यंत्र बदलण्याच्या बेतात असलेली कार्यालये मी पाहिली आहेत.

पडद्याच्या कडा कापल्या जाण्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्ही येणारे चित्र किंचित मोठे करून दाखवतो, ही जुन्या प्रसारणाच्या काळातली सवय आहे. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा '१:१' असा पर्याय शोधा.

निट हे प्रकाशमानतेचे एकक आहे. पडदा काचेकडे तोंड करून आतल्या भिंतीवर असेल, तर ४०० ते ५०० निट्स बहुतेक वेळा पुरतात, पण पृष्ठभाग चकचकीत नसावा, ही अट कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्यावी. रस्त्यावरून वाचता यावा म्हणून पडदा काचेतच बाहेर तोंड करून लावायचा असता, तर २,५०० निट्सच्या आसपासचा लागला असता. १६/७ म्हणजे रोज सोळा तास, आठवड्याचे सातही दिवस चालण्याची क्षमता. तुमच्या कामाला ती पुरेशी आहे, आणि घरगुती टीव्हीच्या वॉरंटीत कार्यालयीन वापर बहुधा वगळलेला असतो, म्हणून या शब्दासाठी थोडे अधिक मोजणे रास्त आहे. आरएस-२३२ ही दुसऱ्या यंत्रावरून पडदा चालू-बंद करण्याची जोडणी आणि सीएमएस ही अनेक पडद्यांवरचा मजकूर एका ठिकाणाहून बदलण्याची प्रणाली. एकाच पडद्यासाठी दोन्हींची गरज नाही, आणि सीएमएसला वार्षिक शुल्क आहे का हेही विचारा. ४के म्हणजे ३८४० × २१६० बिंदू. व्याजदरांच्या तक्त्याला १९२० × १०८० पुरेसे आहेत.

एलईडी भिंतीविषयी माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. पी २.५ म्हणजे दोन बिंदूंमधील अंतर अडीच मिलिमीटर. सहा फुटांच्या रुंदीत असे जेमतेम ७३० बिंदू बसतात, तर ४३ इंची साध्या पडद्यावर तीन फुटांच्या आसपासच्या रुंदीत १९२० बसतात. रोमन आकड्या-अक्षरांचे एक वेळ निभावते, पण आपला रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे लहान टाइपात त्या भिंतीवर जवळून वाचता येणार नाहीत. तुमचे सभासद काउंटरपासून किती दूर उभे असतात?

धागाकर्ती

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, मनापासून आभार. सभासद साधारण सात-आठ फुटांवर उभे असतात आणि त्यांत ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत, त्यामुळे एलईडी भिंतीचा प्रस्ताव मी टिपणातून वगळला आहे.

आज दोन्ही नवे संगणक तपासले. एकाचे नेटवर्क 'पब्लिक' होते. ते बदलताच स्कॅन येऊ लागले. दुसऱ्यात आपण म्हणालात तसा पिनच भरलेला होता. पासवर्ड भरल्यावर तिथेही कागद आला आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ हा पर्याय आधीपासून चालू असल्याचे दिसले. नव्या यंत्राचे कोटेशन मी परत पाठवत आहे. टीव्हीवर 'स्क्रीन फिट' निवडल्यावर आवर्ती ठेवीची ओळ पूर्ण दिसू लागली.

रिझर्व्हेशनचे काम मात्र राहिले आहे, कारण राउटर इंटरनेट पुरवणाऱ्याने बसवलेला असून त्याच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड आमच्याकडे नाही. तो लेखी मागितला आहे. त्यांनी देण्यास नकार दिला, तर प्रिंटरमध्येच कायमचा पत्ता भरून ठेवणे सुरक्षित ठरेल का, आणि राउटर तोच क्रमांक दुसऱ्या संगणकाला देणार नाही याची खात्री कशी करावी, एवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद

भरता येईल. राउटर ज्या क्रमांकांमधून वाटप करतो त्या मर्यादेबाहेरचा पत्ता निवडा. ती मर्यादा पुरवठादाराला विचारा. पासवर्ड न देताही ते सांगू शकतात. समजा वाटप १०० ते २०० मधून होत असेल, तर १९२.१६८.१.५० चालेल, फक्त तो आधी कोणी वापरत नाही एवढे पाहून घ्या. सबनेट मास्क आणि गेटवे हे दोन आकडे मात्र आत्ताच्या छापील पानावर आहेत तसेच उतरवा आणि ते पान फाइलला लावून ठेवा.