जॉर्ज सॉन्डर्स: इंजिनीअर ते कथालेखनाचे प्राध्यापक (आणि तो ५० शब्दांचा सराव)

कथावेडा: 'लिंकन इन द बार्डो' या कादंबरीला २०१७ चं बुकर मिळालं, त्यामुळे सॉन्डर्स या अमेरिकन लेखकाचं नाव माहीत आहे. पण हा माणूस मूळचा इंजिनीअर, मग सिरॅक्यूज विद्यापीठात कथा शिकवायला कसा पोचला? आणि त्यांचा ५० शब्दांचा सराव मराठीत जमतो का?

रेघोट्या: जन्म १९५८, टेक्सासमधल्या अमॅरिलोचा, वाढले शिकागोजवळ. १९८१ मध्ये कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधून भूभौतिकीची इंजिनीअरिंग पदवी, मग सुमात्रात तेलशोधाचं काम. १९८८ मध्ये सिरॅक्यूजमधूनच सर्जनशील लेखनाची एमए, शिक्षक कथाकार टोबायस वुल्फ. पण खरी घडण त्यानंतरची. १९८९ पासून सात वर्षं रॉचेस्टरला रेडियन या कंपनीत तांत्रिक अहवाल लिहिले. मधल्या काळात मेक्सिकोतल्या एका लग्नावर सुमारे ७०० पानांची कादंबरी लिहिली, ती साफ फसली; स्वतःचा विनोद दाराबाहेर ठेवून गंभीर साहित्यिक व्हायचा तो प्रयत्न होता. पुढे ऑफिसच्या कॉन्फरन्स कॉलवर नोंदी घेता घेता मुलांसाठी गमतीदार यमकं लिहिणाऱ्या डॉ. सूसच्या धाटणीची यमकं खरडली, ती वाचून बायको खळखळून हसली आणि सूर सापडला. पहिला कथासंग्रह १९९६, सिरॅक्यूजमध्ये शिकवायला सुरुवात १९९७. पहिली कादंबरी थेट २०१७!

खोडरबर: सराव 'अ स्विम इन अ पॉन्ड इन द रेन' (२०२१) या पुस्तकाच्या परिशिष्टात आहे. ४५ मिनिटांचा गजर लावा. २०० शब्दांची कथा लिहा, पण वेगवेगळे शब्द फक्त ५०. प्रत्येक नवा शब्द बाजूच्या यादीत टिपत चला. पन्नास भरले की त्यांच्यातच भागवायचं.

बहुतेकांचं गाडं इथे अडतं: सुरुवातीच्या वर्णनातच तीसेक नामं आणि विशेषणं उडवून टाकतात, मग काही घडवायला क्रियापदच उरत नाही. ते झालं तरी थांबू नका. शब्द संपले की नटवायची सोय जाते, तेच शब्द पुन्हा येतात, त्यातून लय येते, आणि पुढे सरकायला एकच वाट उरते: काहीतरी चढत जायला हवं. सरावाचा हेतूच तो आहे.

पण त्यांची खरी शिकवण पुनर्लेखनाची, त्यापुढे हा सराव म्हणजे खेळच. कपाळावर एक काटा आहे असं समजायचं, एका टोकाला 'छान', दुसऱ्याला 'छे'. पहिल्यांदाच वाचतोय अशा नजरेने खर्डा वाचायचा, काटा 'छे'कडे झुकला त्या जागी दुरुस्ती करायची, पुन्हा पहिल्यापासून. असं कित्येकदा. 'बॉब हलकट होता' या वाक्यावर काटा पडतो. तो काय करतो ते लिहा: कॉफीवालीवर खेकसला. का? तिला पाहून त्याला वारलेली बायको आठवली. वाक्य नेमकं झालं आणि बॉबबद्दल जरा कणवही आली, ती मुद्दाम न ओतता.

कथावेडा: मराठीत घर, घरात, घराला हे तीन शब्द धरायचे?

खोडरबर: एकच धरा, नाहीतर सहाव्या वाक्यालाच पन्नास भरतील. गेला, गेली, गेले हेही एकच. 'घरासमोर'मध्ये मात्र 'समोर' वेगळा मोजा, नाहीतर शब्दयोगी अव्ययांची फुकट खैरात होते. २०० ची बेरीज करताना लिहिलेला प्रत्येक शब्द मोजायचा.

रेघोट्या: वाचायला 'लिंकन'पासून सुरुवात नको. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचा १८६२ मध्ये वारलेला छोटा मुलगा विली याच्याभोवतीची ती कादंबरी भुतांच्या संवादांत आणि उताऱ्यांत चालते, त्यातले काही उतारे खऱ्या इतिहासग्रंथांतले, काही बनावट. पहिली पन्नास पानं माणूस चाचपडतो. आधी 'टेन्थ ऑफ डिसेंबर' (२०१३) हा कथासंग्रह घ्या, त्यातली शीर्षककथा.