मदत हवी आहे : दशावतारात प्रल्हाद फिका पडू नये म्हणून काय करावे?

सस्नेह नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावच्या जत्रेसाठी मी प्रल्हादाचे दशावतारी आख्यान, म्हणजे दशावतार या कोकणातील लोकनाट्याचा मुख्य कथाभाग, रचत आहे. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, वेद चोरणारा काळ्या वेशातील संकासूर मालवणीत बोलू लागला की पेंगुळलेली मुलेसुद्धा उठून बसतात, आणि विष्णूने त्याचा वध केला तरी मन त्या दुष्टातच गुंतून राहते. माझ्या आख्यानातही तेच होत आहे : पायपेटी-मृदंगाच्या साथीत मिशीला पीळ देत येणारा हिरण्यकश्यपू रंगमंच व्यापतो, तर प्रल्हाद नुसता नामस्मरण करीत उभा राहतो. संवाद नट आयत्या वेळी रचतात, त्यामुळे प्रसंगच भक्कम हवा. पित्यावर माया असूनही त्याची आज्ञा मोडताना होणारी प्रल्हादाची घालमेल कशी दाखवावी? नरसिंह खांबातून प्रकटण्यापूर्वी प्रल्हादाची आई कयाधू हिचा प्रवेश घालावा काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.