तीस-पस्तीस वर्षं वाजलेली हाय-एंड ऑडिओ यंत्रणा कालबाह्य होते का?

जुनी तबकडी (मूळ धागा)
माझा अ‍ॅम्प्लिफायर १९८९ सालचा. परवा भाचा म्हणाला, "मामा, हे आता भंगारात काढ." मला ते अजिबात पटलेलं नाही. कान तर तोच आहे, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकणारा. क्वाड कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७चे. आजही त्यांवर गाणं लावलं की गवई समोर येऊन बसतो. टेक्निक्सनं १९७२ला आणलेलं एसएल-१२०० टर्नटेबल २०१०मध्ये बंद केलं आणि २०१६मध्ये पुन्हा बाजारात आणलं. कालबाह्य वस्तू कुणी परत बनवायला घेतं का?

मोजून-मापून
साफ असहमत. तुम्ही निवडून निवडून हिरे दाखवताय. क्वाडवर गळा अप्रतिम लागतो, मान्य. पण डग्ग्याचा घुमारा? तो त्यात कमीच पडतो. डिजिटलमध्ये तर वयाचा मुद्दा उघडच आहे. फिलिप्सच्या सुरुवातीच्या सीडी प्लेअरमधली चिप १४ बिटची, सीडी मात्र १६ बिटची! आजचा काडेपेटीएवढा डॅकही (डिजिटलमधून आवाज काढणारा डबा) त्याहून स्वच्छ वाजतो. आणि एचडीएमआय नसलेले ते महागडे सराउंड रिसीव्हर? त्यांवर अ‍ॅटमॉस, म्हणजे डॉल्बीचा नवा सराउंड आवाज, लागत नाही.

जुनी तबकडी
डिजिटलचं मान्य, तो हट्ट मी सोडतो. अ‍ॅम्प आणि स्पीकरबद्दल मात्र नाही.

डागवाला
झिजणं वेगळं आणि कालबाह्य होणं वेगळं, याची गल्लत होतेय. मागच्या पावसाळ्यात माझ्या वूफरची (खर्जाच्या स्पीकरची) फोमची कड बोट लावताच काळा चिकट भुगा होऊन हातात आली. कोन, कॉइल ठणठणीत. नवी कड चिकटवली. अ‍ॅम्पमधले वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवे आणले, एका रविवारी बसून डाग दिले. संध्याकाळी ख्यालाची तबकडी लावली. गायकाचा पहिला सा लागायच्या आधी नुसता तंबोरा वाजतो ना, तेवढंच तीनदा ऐकलं. जवारी इतकी मोकळी झाली होती! सुकलेल्या कपॅसिटरवर ऐकून 'जुनं ते गेलं' म्हणणं हा त्या यंत्रावर अन्याय आहे.

मोजून-मापून
तुम्हाला डाग देता येतो हो. ज्याला येत नाही त्यानं काय करायचं? माझ्या अ‍ॅम्पचे आउटपुट ट्रान्झिस्टर उडाले. त्यांचं उत्पादन कधीच बंद झालंय. दुकानातून आणलेली जोडी नकली निघाली, दहा मिनिटांत पुन्हा धूर. दोन वर्षं तो धडधाकट ट्रान्सफॉर्मर घेऊन कपाटावर पडलाय. सुटा भाग मिळेनासा झाला की माझ्या लेखी यंत्र कालबाह्यच. आवाज कितीही गोड असो.

डागवाला
टाकून देऊ नका! ट्रान्झिस्टरवरचा नंबर आणि बोर्डाचा फोटो इथे टाका. हल्लीचे, चालू उत्पादनातले ट्रान्झिस्टर पुष्कळदा बसवता येतात. बायस (ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारा थोडा प्रवाह) तेवढा नव्यानं लावावा लागतो. आणि पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये जोडा, म्हणजे काही चुकलं तरी बल्ब पेटेल, ट्रान्झिस्टर वाचतील.

मोजून-मापून
रविवारी उघडतो. फोटो टाकतो.